ऑर्किडला पाण्याआधी हवा द्या

गृहप्रवेशाला किंवा वाढदिवसाला हल्ली पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी येते. वर पांढरी नाहीतर जांभळी, फुलपाखरं ओळीने बसल्यासारखी फुलं, खाली चार-पाच जाड पानं, सगळं चकचकीत कागदात गुंडाळलेलं. दोन-अडीच महिने फुलं टिकतात. येणारेजाणारे कौतुक करतात, आपणही खूश असतो. मग फुलं गळतात आणि काही आठवड्यांनी पानं सुरकुतायला लागतात. पाणी कमी पडतंय असं वाटून आपण पाणी वाढवतो. पानं आणखी सुरकुततात, आपण आणखी पाणी घालतो. शेवटी एक दिवस झाड सहज हलवून बघावं तर ते अलगद हातात येतं, मुळं मात्र कुंडीतच राहिलेली.

माझी पहिली तीन ऑर्किडं अशीच गेली. तिसरं गेलं तेव्हा रागाने कुंडी उलटी करून पाहिली. वरचं मॉस, म्हणजे कुंडीत भरलेलं वाळकं शेवाळ, कोरडं होतं, म्हणून मी पाणी घालत होते. मधोमध मात्र रोपवाटिकेतली इवलीशी प्लास्टिकची जाळी तशीच होती आणि तिच्यात ठासून भरलेला मॉसचा गोळा पिळला तर पाणी निघेल इतका ओला होता. आतली मुळं तपकिरी, दाबली की साल सुटून नुसता दोरा हातात यायचा. पानं तहानेनेच सुरकुतली होती, हे खरंच. पण पाणी नव्हतं म्हणून नाही, तर पाणी प्यायला मुळंच उरली नव्हती म्हणून.

हे एकदा लक्षात आलं की घरातल्या ऑर्किडच्या निम्म्याहून जास्त दुखण्यांचा उलगडा होतो.

झाडावरचं झाड

मे-जूनमध्ये आंबोलीला किंवा महाबळेश्वरला गेलात तर जुन्या झाडांच्या फांद्यांवरून गुलाबी, लोंबते तुरे दिसतात. ती सीतेची वेणी, आपल्याकडचं जंगली ऑर्किड. आसामात हिच्याच एका जातीला कोपौ फूल म्हणतात. तिथे बिहूच्या नाचात मुली ते केसात माळतात आणि आसाम व अरुणाचल या दोन्ही राज्यांचं ते राज्यफूल आहे. आपल्याकडे मात्र बरेच लोक या झाडाला सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतात. त्यात ऑर्किडवर अन्याय आहे. बांडगूळ फांदीच्या आत मुळं घुसवून तिचा रस ओढतं. ऑर्किड, म्हणजे आपली आमर, फांदीला फक्त धरून बसते. भाडं देत नाही, पण घरमालकाच्या डब्यातही हात घालत नाही.

मग ती जगते कशावर? सालीवरून ओघळणारं पावसाचं पाणी, फटीत अडकलेला पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, धूळ. पाऊस आला की मुळं चिंब होतात, वारा सुटला की दोन-चार तासांत कोरडी होतात, पुन्हा सर आली की पुन्हा चिंब. या येण्याजाण्यासाठी त्यांची रचनाच वेगळी आहे. मुळाच्या बाहेरून मृत पेशींचा जाड, स्पंजासारखा थर असतो. शास्त्रज्ञ त्याला व्हेलामेन म्हणतात. टीपकागदावर शाईचा थेंब पडावा तसं पाणी या थरात क्षणात शोषलं जातं आणि मग आतलं खरं मूळ ते सावकाश पितं. थर कोरडा असला की त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. ओला झाला की तो पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. होय, ही मुळं आतून हिरवी असतात आणि पानांसारखं थोडंफार अन्नही तयार करतात. फॅलेनॉप्सिस, म्हणजे वर सांगितलेलं भेटीत येणारं ऑर्किड, पारदर्शक कुंडीत विकतात; ती कुंडी बदलून सुबक चिनीमातीची घेऊ नका. पारदर्शक कुंडीत पाणी कधी घालायचं हे न विचारता कळतं: मुळं हिरवी तर थांबा, चंदेरी तर घाला.

अशा मुळांना बागेच्या मातीत किंवा कायम ओल्या मॉसमध्ये पुरलं तर हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग बुरशी आपलं काम करते. ऑर्किड तहानेने क्वचित मरतं. कुंडीतून बाहेर आलेली, हवेत लोंबकळणारी मुळं दिसली की काही जण ती कात्रीने छाटतात किंवा दाबून कुंडीत कोंबतात. दोन्ही करू नका.

कुठल्या गावात कुठलं

"ऑर्किड कसं वाढवायचं" हा प्रश्नच थोडा फसवा आहे. जगात ऑर्किडच्या पंचवीस हजारांहून जास्त जाती आहेत. बर्फाळ डोंगरउतारावर वाढणारं आणि विषुववृत्तीय जंगलात वाढणारं, दोघांचं नाव एकच. त्यामुळे आपल्या गावाची हवा बघून झाड निवडलं की अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे डेंड्रोबियम आणि व्हँडा घ्या. दोघांनाही उकाडा आणि दमट हवा मानवते. लग्नाच्या स्टेजवर जांभळ्या-पांढऱ्या फुलांच्या काड्या लावलेल्या असतात ना, ते डेंड्रोबियम. त्याला उसासारखी पेरं असलेल्या जाड काठ्या येतात. व्हँडा तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या जाळीदार टोपलीत नुसता टांगून ठेवतात, आत काहीही न भरता, मुळं हात-दीड हात खाली लोंबत.

फॅलेनॉप्सिस मुंबईत जगतं, पण पुन्हा फुलायला कुरकुरतं. त्याचा फुलांचा दांडा निघायला काही आठवडे सलग पंचवीस-सव्वीस अंशांच्या आतली हवा लागते. अठ्ठाविशीच्या वर ते नुसती पानं काढत बसतं. मुंबईत जानेवारीतही दुपार तिशीपार जाते. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे हिवाळ्यात घरातल्या गारव्यातच काम होतं: दिवाळीनंतर झाड उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीशी ठेवायचं, बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत दांडा डोकावतो. दांडा आणि नवीन मूळ सुरुवातीला सारखेच दिसतात. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. दांड्याचं टोक बोटमोजा घातल्यासारखं, किंचित चपटं.

विदर्भ-मराठवाड्यात खरा शत्रू मे महिन्याची कोरडी झळ. तिथे डेंड्रोबियम जगतं, पण दुहेरी हिरव्या जाळीखाली, आजूबाजूला इतर कुंड्यांच्या गर्दीत आणि जमिनीवर पाणी शिंपडून.

सिंबिडियमच्या मोहात मात्र पडू नका. सिक्कीम-दार्जिलिंगला गेलेले लोक त्याचे भरगच्च तुरे बघून कंद घेऊन येतात. त्याला फुलण्यासाठी डोंगरातल्या थंड रात्री लागतात. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं ऑर्किड संशोधन केंद्र 1996 साली सिक्कीममध्ये पाकयाँगला काढलं, ते उगाच नाही. तुमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत सिंबिडियम गवताच्या जुडीसारखं दहा वर्षं हिरवंगार राहील आणि एकही फूल देणार नाही.

तशाच ऑनलाइन मिळणाऱ्या "निळ्या ऑर्किडच्या बियां"च्या पुड्या. ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं असतं आणि त्यात रोपासाठी अन्नाचा साठाच नसतो. जंगलात विशिष्ट बुरशी त्याला भरवते, तेव्हा ते रुजतं. 1922 साली अमेरिकेत लुईस क्नुडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या, जेलीसारख्या अगारवर, निर्जंतुक काचेत, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. आजही ते प्रयोगशाळेतच करायचं काम आहे. पुडीतलं बी, खरोखर ऑर्किडचं असलं तरी, तुमच्या कुंडीत रुजणार नाही.

पाणी, आणि पाण्याचं पाणी

किती दिवसांनी पाणी घालायचं याला मी आकडा सांगत नाही, कारण तो चुकतोच. पुण्यात माझ्या गॅलरीत तेच झाड एप्रिलमध्ये तीन दिवसांत कोरडं होतं आणि जुलैमध्ये दहा दिवस ओलं राहतं. मुळांचा रंग बघा. कुंडी अपारदर्शक असेल तर उचलून वजन बघा; आठ दिवसांत हाताला अंदाज येतो.

घालताना मात्र हात आखडू नका. चमचाभर पाणी रोज, ही सगळ्यात वाईट पद्धत. कुंडी मोरीत न्या, नळाखाली मिनिटभर धरा, खालून धबधबा वाहू द्या, मग पूर्ण निथळल्यावरच जागेवर ठेवा. खाली बशीत पाणी साचू द्यायचं नाही. टोपलीतला व्हँडा रोज भिजवावा लागतो, मे महिन्यात दिवसातून दोनदा. वेळ सकाळची. फॅलेनॉप्सिस आणि व्हँडा एकाच शेंड्यातून वाढतात, त्यामुळे पानांच्या मधल्या खोबणीत रात्रभर पाणी राहिलं आणि शेंडा कुजला तर झाडाचं भविष्यच संपलं. जंगलात फॅलेनॉप्सिस फांदीवरून तिरकं लोंबतं, पाणी आपोआप ओघळून जातं. आपण त्याला कुंडीत शिस्तीत उभं करतो, म्हणून मग टिश्यू पेपरने मधलं पाणी टिपायचं कामही आपल्याकडेच येतं.

पाण्याची जात महत्त्वाची आहे. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर काही महिन्यांत कोळशावर, कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात आणि मुळांची टोकं काळी पडतात. पावसाचं पाणी पिंपात साठवा. ते नसेल तर आरओचं गाळलेलं पाणी द्या. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी नको, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात.

कुंडीत काय भरायचं

माती नाही, शेणखत नाही, कोकोपीटही नाही. चुलीचा लाकडी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे चौकोनी तुकडे, पाइनची साल, यातलं जे मिळेल ते. तुकडे सुपारीपासून लिंबाएवढे. कोकणातल्या दमट हवेत नुसता कोळसा आणि वीट चालते. जिथे हवा कोरडी, तिथे सोडणाचं प्रमाण वाढवायचं. सोडण आधी तीन-चार दिवस पाणी बदलत भिजवा, त्यातला खारटपणा आणि लालसर अर्क निघून जाऊ द्या.

भेटीत आलेलं झाड फुलं असेपर्यंत छेडू नका. फुलं संपली की कुंडीतून काढा, मधली प्लास्टिकची जाळी कात्रीने कापा, मॉसचा गोळा सोडवा. मुळं आधी अर्धा तास पाण्यात ठेवली तर लवचीक होतात, मोडत नाहीत. नवी कुंडी झाडाला थोडी घट्टच हवी. मोठ्या कुंडीत झाड वाढेल हा हिशोब इथे उलटा पडतो, कारण मोठी कुंडी वाळायला उशीर लावते.

खताबद्दल थोडक्यात. विद्राव्य 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं खत, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही आधी साध्या पाण्याने मुळं ओली करून. महिन्यातला एक आठवडा नुसतं पाणी. चहाचा चोथा, केळीच्या सालांचं पाणी, ताक, तांदळाचं धुवण हे सगळे प्रयोग मी करून बसले आहे. चिलटं छान वाढली.

फुलं का येत नाहीत

दहापैकी आठ वेळा उत्तर उजेड हेच. ऑर्किडला सावली आवडते, असं ऐकून लोक ते हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीशेजारी ठेवतात. आपल्या डोळ्यांना जो कोपरा उजळ वाटतो, तो झाडाला अंधाराच्या जवळचा असतो. पानांकडे बघा. गर्द, काळपट हिरवी, लांबट, लुळी पानं म्हणजे उजेड कमी. पोपटी, ताठ पानं म्हणजे बरोबर. पिवळट किंवा लालसर झाक म्हणजे जास्त. दुपारी झाडाच्या वर हात धरून सावली बघायचीही एक युक्ती आहे: फॅलेनॉप्सिसवर ती पुसट, कडा विरलेली पडायला हवी, डेंड्रोबियमवर बऱ्यापैकी स्पष्ट, व्हँडावर जवळजवळ ठसठशीत. पूर्वेचं सकाळचं कोवळं ऊन तिघांनाही चालतं. पश्चिमेच्या गॅलरीत पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. आणि झाड सावलीतून उन्हात एका दिवसात आणू नका. पानावर पांढरट, मग तपकिरी, कोरडा चट्टा पडतो आणि तो जन्मभर राहतो.

डेंड्रोबियमच्या बाबतीत आणखी एक चूक सर्रास होते. पानं झडलेल्या जुन्या काठ्या मेल्या समजून लोक कापतात. त्या झाडाच्या कोठ्या आहेत, अन्न-पाणी तिथे साठवलेलं असतं, आणि कधीकधी अशा उघड्या काठीच्या शेंड्यातूनही फुलांचा तुरा निघतो. पूर्ण वाळून पोकळ झाली असेल तरच कापा.

कळ्या येऊन न उमलता पिवळ्या पडतात, गळतात, तेव्हा फार जीव जळतो. झाडाची जागा अचानक बदलली, एसीचा थेट झोत लागला, पाणी एकदम तुटलं, अशी कारणं असतात. एक कारण लवकर सुचत नाही, ते म्हणजे फळं. पिकणारी केळी, आंबे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि ऑर्किडच्या कळ्या त्याला फार नाजूक. आमच्याकडे एका मे महिन्यात पलंगाखाली आंब्याची अढी आणि त्याच खोलीत कळ्यांनी लगडलेलं झाड, असा योग जुळला. आठवड्यात दांडा बोडका.

दुखणी

पहिलं तेच, सुरकुतलेली पानं. पाणी वाढवण्याआधी कुंडीतून झाड काढून मुळं दाबून बघा. घट्ट, भरीव, पांढरी-हिरवी मुळं असतील तर खरंच पाणी कमी पडलंय. मऊ, पोकळ, तपकिरी असतील तर कूज आहे. ब्लेड ज्योतीवर तापवून गार करा, कुजलेलं सगळं कापा, हळहळू नका. कापलेल्या जागी दालचिनीची पूड चालते, पण ती फार शोषक असते, निरोगी मुळांवर भुरभुरू नका. झाड एक दिवस सावलीत उघडं ठेवून मग कोरड्या कोळसा-सालीत बसवा आणि दोन-तीन दिवसांनी पाणी सुरू करा. एकही मूळ उरलं नसेल तर पारदर्शक डब्यात पिळून घेतलेलं ओलसर मॉस ठेवा, त्याच्यावर, पण त्याला न टेकता, झाड टांगा, झाकण अर्धवट उघडं, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. नवं मूळ यायला दोन महिने लागतात, कधी चार. या काळात खत नाही. सगळी वाचत नाहीत.

सगळ्यात खालचं एखादं पान सावकाश पिवळं पडून गळालं तर ते म्हातारपण आहे, सोडून द्या. पण पानावर पाणी भरल्यासारखा, दुर्गंधी येणारा, एका दिवसात पसरणारा डाग दिसला तर तो जिवाणूंमुळे होणारा कूजरोग. पावसाळ्यात येतो आणि वाट बघत नाही. डागाच्या पुढे दोन बोटं निरोगी भागातून पान कापा, झाड इतरांपासून बाजूला घ्या, पावसाच्या थेट माऱ्यातून हलवा, पंखा लावा.

पानांच्या बगलेत कापसाचे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण; पानाखाली तपकिरी, नखाने निघणारे ठिपके म्हणजे खवले कीड. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट कापसाला लावून पुसा, आणि आठवड्याने पुन्हा पुसा, कारण अंडी राहतात. उन्हाळ्यात पानांच्या खालून चंदेरी खरखरीतपणा आला तर लाल कोळी. त्याला पाण्याचा फवारा आवडत नाही. जुलैत नव्या मुळांची टोकं आणि कळ्या रात्रीतून गायब होत असतील तर टॉर्च घेऊन अकरा वाजता गॅलरीत जा. गोगलगाय सापडेल.

परत झाडावर

डेंड्रोबियमच्या जुन्या काठीवर, कधी फॅलेनॉप्सिसच्या दांड्यावरही, एक छोटं रोप उगवतं. हवाईतल्या भाषेत बाळाला केकी म्हणतात, जगभर या पिल्लालाही तेच नाव पडलंय. त्याला बोटाएवढी तीन-चार मुळं आली की अलगद वेगळं करा. अंगणात आंबा, फणस किंवा चिकू असेल तर कुंडीच्या फंदात पडूच नका. जूनच्या पहिल्या सरींनंतर, फांदीच्या पूर्वेकडच्या बाजूला, पिल्लू सुती दोरीने घट्ट बांधा. हललं तर मुळं धरत नाहीत. पेरू आणि निलगिरी नको, त्यांची साल सोलून पडते आणि भाडेकरूही सोबत पडतो. दोरी कुजेपर्यंत मुळांनी साल पकडलेली असते.

जंगलातून मात्र काही आणू नका. घाटात रस्त्याच्या कडेला फांदीसकट ओरबाडलेली सीतेची वेणी विकायला असते, ती घेतली की पुढच्या वर्षी आणखी ओरबाडली जाते. आणि गावातल्या हवेत ती बहुतेकदा टिकतही नाही.

रत्नागिरीला मावशीच्या चिकूवर मी सहा वर्षांपूर्वी एक पिल्लू बांधलं होतं. आता त्याच्या अठरा काठ्या आहेत, वर्षातून दोनदा फुलतं, कुणी त्याला पाणी घालत नाही, खत तर नाहीच. मावशी आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते, "आमच्या चिकूवरचं बांडगूळ बघितलंत का, किती छान फुललंय!"